फोटोतलं पाणी मे महिन्यात कुठे जातं?

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्याच्या मध्यावर तीन रात्री कुठेतरी डोंगरात, पाण्याकाठी जायचं आहे. आम्ही दोघं, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची (उंची ११२ सें.मी., पोहता येत नाही), सासरे ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे बदललेले, सासूबाई ६८ वर्षांच्या. शिवाय नणंद, तिचे यजमान आणि त्यांचं दोन वर्षांचं बाळ. असे नऊ जण. तीन ठिकाणं काढून ठेवली आहेत : पवना धरणाकाठचं एक रिसॉर्ट, भंडारदऱ्याचं एक आणि दापोलीजवळ मुरुड-कर्दे किनाऱ्यावरचं एक. पहिल्या दोन्हींचे फोटो असे आहेत की खोलीच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडता येतील. सगळा खर्च ५०,००० रुपयांत बसवायचा आहे. कोणतं निवडू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, त्या फोटोंपासूनच सुरुवात करू. ते खोटे नसतात. फक्त ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढलेले असतात, धरण काठोकाठ भरल्यावर. तुम्ही जाणार मे महिन्यात. पवनेचं पाणी वर्षभर पिंपरी-चिंचवडला जातं, भंडारदऱ्याचं उन्हाळी आवर्तनाला प्रवरेच्या कालव्यांतून शेताला. त्यामुळे मेच्या मध्यावर दोन्हीकडे पाणी खूप खाली गेलेलं असतं. आता 'खाली जाणं' म्हणजे नक्की किती, याचा हिशेब सोपा आहे. जलाशयाचा काठ उतरता असतो. दर वीस मीटरला एक मीटर असा उतार धरला आणि पातळी दहा मीटरने घटली, तर पाणी तुमच्या पायरीपासून दोनशे मीटर लांब गेलं. त्या दोनशे मीटरांत गाळ उघडा पडतो. वरून तो भेगाळलेला, वाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ त्याची फक्त पापडी वाळलेली असते. खाली चिखल तसाच असतो आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो. सहा वर्षांची मुलगी पाण्याकडे धावत सुटली की नेमकी तिथे अडकते, आणि तिला काढायला गेलेला मोठा माणूसही रुततो.

हे आमच्या शब्दावर मानू नका, घरबसल्या तपासता येतं. नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहाचं चित्र लावा. जलाशयाभोवती पिवळट-तपकिरी पट्टा दिसला, तर तो पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ. रिसॉर्ट त्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला असतं, पाण्याच्या कडेला नव्हे. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो तारखेनुसार लावा आणि फक्त एप्रिल-मेचे बघा. वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात धरणांचा साठा टक्क्यांत येतो, त्यावरही नजर ठेवा. आमचा ठोकताळा असा की साठा चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की 'लेक टच' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. 'लेक व्ह्यू'ला थोडा उरतो. लांबून का होईना, पाणी दिसतं.

म्हणून पवना बाद. भंडारदरा बाद नाही, पण मेसाठी नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ. काजव्यांसाठी लोक तिथे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत गर्दी करतात, पण त्या गर्दीत अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला गुडघे बदललेल्या माणसाला तासभर उभं करण्यात काही मजा नाही.

मे महिन्यात भरवशाचं पाणी समुद्रात. तेव्हा मुरुड-कर्दे. डोंगर अगदीच सुटतो असंही नाही. किनारा दमट आणि तापलेला असतो, पण दापोली गाव वर चढावर आहे आणि तिथे संध्याकाळी जरा बरं वाटतं. किनाऱ्यावरचा दिवस सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच धरा. मधल्या वेळात वाळू अनवाणी पायाला चटके देते. तो वेळ खोलीत, पडवीत किंवा रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात जाणार. त्यामुळे मे महिन्यात किनाऱ्यापेक्षा सावली आणि तलाव बघून रिसॉर्ट निवडावं, हे बऱ्याच जणांना गेल्यावर कळतं.

तारीख ठरवायच्या आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघा. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून. पाव-अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. मुलांना पाण्यात नेण्याची बरी वेळ म्हणजे भरती चढत असताना. ओहोटीचं पाणी आत ओढतं. दशमीला भरती साडेसातला पूर्ण होते, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेसात हा वेळ चढत्या पाण्याचा मिळतो, ऊनही कोवळं असतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर अजून आलेला नसतो. या तीन तिथींपैकी दोन दिवस तुमच्या मुक्कामात आले तर उत्तम.

किनाऱ्यावर उभं राहून पाण्यात जायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी तिथे शांत आणि काळसर-गढूळ दिसतंय, तर तीच जागा सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. लोक नेमके तिथेच मुलांना नेतात, 'इथे लाटा नाहीत' म्हणून. खडकांजवळ आणि खाडीच्या मुखापाशीही नको. मुलीला गुडघाभर पाण्याच्या पुढे नेऊ नका आणि हात मनगटाला धरा. बोटं ओल्या हातातून निसटतात.

आणखी एक : ओहोटीला मुरुड-कर्द्याची ओली वाळू इतकी घट्ट आणि सपाट होते की लोक गाड्या आत घालतात. दरवर्षी काही गाड्या भरतीत अडकतात, तो त्यांचा प्रश्न. पण दोन वर्षांचं बाळ वाळूत बसलेलं असताना मागून गाडी येऊ शकते, हा तुमचा. बाळाला गाड्यांच्या चाकोऱ्या नसलेल्या बाजूला बसवा.

आता सासऱ्यांचे गुडघे. आमच्या मते तुमची निवड खरं तर इथेच ठरते. त्यांना सुकी वाळू चालायला सगळ्यात जड : प्रत्येक पावलाला टाच खचते आणि गुडघ्यावर पीळ येतो. ओली घट्ट वाळू त्या मानाने सोपी. पण तिथवर पोचायला सुरूच्या झाडांतून सुक्या वाळूचा पट्टा पार करावा लागतो. 'बीच टच' म्हणवणाऱ्या रिसॉर्टला विचारा की फरशीची किंवा सिमेंटची वाट कुठपर्यंत आहे आणि वाट संपते तिथे बाक आहे का. समुद्रासमोर सावलीत बाक असला तर आजोबा सकाळ-संध्याकाळ तिथे दोन-दोन तास मजेत काढतील. नसेल तर ते खोलीतच बसतील आणि 'तुम्ही जाऊन या' म्हणतील.

पायऱ्यांची चौकशी आकड्यांत करा. "फार चालावं लागतं का?" असं विचारलंत तर "नाही हो, थोडंसंच" हेच उत्तर येणार. रिसॉर्टच्या भाषेत 'थोडंसं' म्हणजे पन्नास पायऱ्याही असू शकतात. विचारायचं असं : गाडी लावतो तिथून या नंबरच्या खोलीपर्यंत किती पायऱ्या? खोलीतून जेवणाच्या हॉलपर्यंत किती? मधे कठडा आहे का? उतारावरच्या रिसॉर्टमध्ये जेवणघर वर असतं आणि पाण्याचं दृश्य दिसणाऱ्या, महागड्या खोल्या सगळ्यात खाली. चाळीस पायऱ्या धरल्या तर नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण मिळून दिवसाला १२० चढायच्या आणि १२० उतरायच्या. बदललेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं. सासू-सासऱ्यांना तळमजल्यावरची, जेवणघराजवळची खोली घ्या, भले तिथून समुद्र दिसत नसला तरी. दृश्याची खोली तुम्ही घ्या.

पैसे भरायच्या आधी व्हिडिओ कॉल मागा, आणि तो न थांबता : मोबाइल हातात घेऊन माणूस गाडीतळापासून खोलीपर्यंत, मग संडास-बाथरूममध्ये, मग खोलीतून जेवणघरापर्यंत चालत जाईल. साधारण पाच मिनिटं लागतात. नीट ठिकाण असेल तर नाही म्हणत नाहीत. बाथरूममध्ये तीन गोष्टी बघायच्या. कमोड खुर्चीच्या उंचीचं आहे की बुटकं. शेजारी धरायला दांडा आहे का. आणि फरशी गुळगुळीत आहे की खरखरीत. दांडा नसेल तर निदान प्लॅस्टिकचं स्टूल ठेवायला सांगा, आंघोळ बसून करता येते. दाराचा उंबरा किती उंच आहे तेही दिसेल. पलंग फार बसका असेल तर एकावर एक दोन गाद्या घालून द्यायला सांगता येतं, बहुतेक ठिकाणी देतात.

तलावाची खोली फुटांत विचारा आणि मुलीच्या उंचीशी ताडून बघा. तिची उंची ११२ सें.मी., म्हणजे हनुवटी साधारण ९२ सें.मी.वर. तीन फूट पाणी म्हणजे ९१ सें.मी. 'लहान मुलांसाठी फक्त तीन फूट' असं कौतुकाने सांगतील, पण तिला ते हनुवटीपर्यंत येणार. शेजारच्याने उडी मारली की नाका-तोंडात. तिला दोन ते अडीच फूट हवं. साडेतीन फुटांत तिचं तोंड पाण्याखालीच. लहान तलाव वेगळा आहे की मोठ्याच तलावाचा उथळ भाग, हेही बघा. एकच तलाव असेल आणि तळाचा उतार मधेच वाढत असेल, तर मूल खेळता खेळता एका पावलात खोल पाण्यात जातं. मधे भिंत किंवा निदान दोरी असायला हवी. गेल्यावर एक सोपी परीक्षा : काठावर उभं राहून तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालत नाही, आणि कोणी बुडालं तर वरून दिसणारही नाही. हवा भरायच्या रबरी कड्यावर आणि दंडावरच्या फुग्यांवर विसंबू नका, मूल त्यातून उलटं होतं. जीवरक्षक आहे का, कोणत्या वेळेत, हे विचाराच. पण तो असला तरी एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवा, मोबाइल खोलीत ठेवून.

तेरा वर्षांच्या मुलाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण या वयाचं मूल दुसऱ्या दिवशी सकाळी 'बोअर' म्हणतं. सकाळची डॉल्फिन बघायची होडी आणि हर्णैहून सुवर्णदुर्ग, हे दोन बेत त्याच्यासाठी. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा मेअखेर बंद होऊन ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात, म्हणून मेच्या मध्याच्या पुढे तारीख ढकलू नका. होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, तेव्हा आजी-आजोबा काठावर. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाईल. लहान मापाचं मागा. नसेल तर मुलगी काठावर. ती रडेल, रडू द्या.

दोन अडचणी खास मे महिन्याच्या. एक लग्नसराई. ज्या रिसॉर्टला मोठं लॉन आहे तिथे तुमच्या तारखेला लग्न किंवा हळद आहे का, हे सरळ विचारा. रात्री उशिरापर्यंत डीजे, जेवणघरात रांग आणि तलावात वऱ्हाड. बाळ झोपणार नाही आणि आजोबाही. कॅलेंडरमधले लग्नाचे मुहूर्त टाळलेत तर दरही उतरतात. दुसरी अडचण वळिवाची. संध्याकाळी वारा सुटला की कोकणात झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते, कधी रात्रभर. "जनरेटर आहे का?" एवढं विचारून भागत नाही. जनरेटरवर एसी चालतो का, की इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवा, आणि तो किती तास, हे विचारा. वीज नसली की पंपही बंद, म्हणून टाकीत पाणी किती असतं तेही.

आता पैसे. समजा एका खोलीचा दर ४,५०० रुपये आहे. तीन खोल्या, तीन रात्री म्हणजे ४०,५००, त्यावर पाच टक्के जीएसटी धरून ४२,५२५. जेवणाला मुलगा बारा वर्षांवरचा म्हणून पूर्ण ताट, मुलगी अर्धं, बाळ फुकट. म्हणजे साडेसात ताटं. एक ताट सरासरी ३५० धरलं तर दोन वेळचे मिळून दिवसाला ५,२५०, तीन दिवसांचे १५,७५०. बेरीज ५८,२७५, आणि पेट्रोल अजून धरलेलंच नाही. तीन रात्री बसत नाहीत. दोन रात्री करा : खोल्या २८,३५०, जेवण १०,५००, मिळून ३८,८५०. उरलेल्या अकरा हजारांत दोन गाड्यांचं इंधन, टोल, होडी आणि वाटेतला चहा-नाश्ता निघतो. रविवारी दुपारी पोचून मंगळवारी निघालात तर दर शनिवारपेक्षा कमी लागतो आणि गर्दी उलट्या दिशेने, पुण्या-मुंबईकडे चाललेली असते. शनिवारी सकाळी माणगावच्या कोंडीत अडकणं म्हणजे काय, ते ताम्हिणी उतरून गेलेल्या कोणालाही विचारा.

जीएसटीची एक पायरी माहीत असू द्या. एका खोलीचा दिवसाचा दर ७,५०० पर्यंत असेल तर कर पाच टक्के, त्याच्या वर गेला की अठरा. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांसाठी हजार-अकराशे जातात. म्हणून दर नेहमी 'करासकट किती' असाच विचारायचा. जेवणासकट पॅकेज घेणार असाल तर पहिलं जेवण कोणतं आणि शेवटचं कोणतं, हे लिहून घ्या. दुपारी एकला खोली आणि सकाळी अकराला निरोप, तर दोन रात्रींत सेहेचाळीस तासच मिळतात. त्यातलं पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण धरलंय की नाही, यावर दोन-अडीच हजारांचा फरक पडतो. चौथ्या माणसासाठी 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे पलंग की जमिनीवर गादी, हेही. मुलांना गादी चालेल, सासूबाईंना नाही.

आगाऊ रक्कम देताना जपा. रिसॉर्टच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून लोकांना फसवण्याचे प्रकार होतात, आणि सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा नंबर रिसॉर्टचाच असेल असं नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून नंबर काढून जुळवा. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर येणारं नाव रिसॉर्टचं किंवा मालकाचं आहे का बघा. आधी निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि रद्द केलं तर किती दिवस आधी किती परत, हे व्हॉट्सॲपवर लेखी मागा. आजारी माणसामुळे तारीख बदलावी लागली तर पैसे परत नको, तारीख बदलून द्या, असं आधीच ठरवून ठेवलं तर बहुतेक जण मानतात.

भंडारदरा दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण तेव्हा भरलेलं असतं, काठ हिरवा असतो, आणि ज्या फोटोवर तुम्ही भाळलात तो खरोखर तसाच दिसतो. अंब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच पडतो, तेव्हा मुलांना आधीच शब्द देऊ नका. मुलाला कळसूबाई चढायची असेल तर तेव्हाच. १,६४६ मीटर, बारी गावातून, लोखंडी शिड्यांवर गर्दी व्हायच्या आत, पहाटे. तिथे पहाटे थंडी असते, म्हणून गरम पाण्याची चौकशी करा. सौर असेल तर ढगाळ दिवसानंतर सकाळी कोमट येतं. गिझर पंधरा लिटरचा असेल तर दोन बादल्यांत संपतो आणि पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. एका खोलीत चार माणसं असतील तर आंघोळीला दीड तास धरा. मोठी रुग्णालयं नाशिकला, सत्तरेक किलोमीटरवर, म्हणून सासऱ्यांची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. सगळ्या कंपन्यांची रेंज मिळत नाही, तेव्हा रोख पैसेही. दिवाळीच्या तारखांना खोल्या लवकर भरतात. चौकशीचा फोन सोमवार ते गुरुवार दुपारी तीनच्या सुमारास करा. शनिवार-रविवारी फोन उचलणाऱ्याला पायऱ्या मोजून सांगायला वेळ नसतो.